नांगर लावला आणि गाडीने मान टाकली

आमचं घर बफेलोच्या दक्षिणेला आहे. इथे लोक या पट्ट्याला साउथटाउन्स म्हणतात. ईरी सरोवरावरून वारा पश्चिम-नैऋत्येकडून सुटला की सरोवराची सगळी वाफ बर्फ होऊन आमच्याच अंगावर येते, आणि 10 मैल उत्तरेला शहरात ऊन पडलेलं असतं. नोव्हेंबर 2022 मध्ये तीन-चार दिवसांत हॅम्बर्ग आणि ऑर्चर्ड पार्कला 80 इंचांच्या आसपास बर्फ पडलं, म्हणजे साडेसहा फूट. आमचा ड्राइव्हवे 400 फूट लांब, खडीचा. हंगामाचे पैसे आगाऊ घेतलेला बर्फवाला पाचव्या दिवशी उगवला. मी हॉस्पिटलच्या औषध विभागात काम करते आणि माझी पाळी पहाटे सहाला सुरू होते. त्या आठवड्यात मी घरात अडकून पडले आणि ठरवलं की पुढच्या वर्षी स्वतःची गाडी, स्वतःचा नांगर.

नांगर हा शब्द माझ्या वडिलांचा. गाडीपुढे बसवून बर्फ ढकलायचं पातं ते, इथे सगळे त्याला प्लाउ म्हणतात. आप्पांचं शिरोलीला ट्रकचं गॅरेज होतं, कमानपाट्यांचं काम. त्यामुळे 'सस्पेन्शन आपल्याला कळतं' असा माझा समज होता. तो समज मला साधारण 340 डॉलरला पडला. तो हिशेब पुढे येतोच.

12 ऑगस्ट 2023 ला जुनी गाडी घेतली. फोर्ड एफ-250 सुपर ड्यूटी, 2015 चं मॉडेल, 6.2 लिटरचं पेट्रोल इंजिन, फोर बाय फोर, 96 हजार मैल चाललेली. किंमत 21,500 डॉलर. ही घेण्याचं कारण पुढचा ॲक्सल. या गाडीला पुढे अखंड ॲक्सल आहे आणि त्यावर दोन गुंडाळी स्प्रिंगा. दोन्ही चाकं वेगवेगळी हलणारी रचना नाही. वजन पेलायला सोपं, उघडायला सोपं आणि माझ्यासारखीला समजायलाही सोपं. सप्टेंबरमध्ये आठ फुटी सरळ पात्याचा जुना वेस्टर्न प्लाउ मिळाला, 2,800 डॉलरला. वजन सुमारे 800 पौंड. चॅसीला बसणारा माउंट, वायरिंग आणि मजुरी यांचे वेगळे 1,450 गेले.

23 सप्टेंबरला प्लाउ लावून दुकानातून घरी निघाले. रस्ता कोरडा, हवा छान, आणि गाडीचं नाक खाली. पहिल्या रेल्वे क्रॉसिंगला खालून असा धडाका ऐकू आला की मला वाटलं काहीतरी तुटलं. तुटलं काहीच नव्हतं. स्प्रिंग पूर्ण दबून ॲक्सल रबरी ठोकळ्यावर आपटला होता. घरी आल्यावर टेप लावला. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर प्लाउशिवाय मोजलं, मग पातं वर उचलून मोजलं. बरोबर दोन इंचांचा फरक. ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो चढ आहे तिथे उचललेलं पातंही खरवडत होतं. स्टीअरिंग मात्र विचित्र जड लागत होतं आणि मागची चाकं ओल्या गवतावर लगेच फिरायला लागली. या शेवटच्या दोन गोष्टींकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. नाक खाली गेलंय म्हणजे नाक वर करायचं, एवढाच विचार.

पुढच्या शनिवारी जवळच्या एका गॅरेजात गेले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि दोन इंचांचे स्पेसर टाकायला सांगितले. स्प्रिंगच्या वर बसणारा जाड ठोकळा, बास. मजुरीसकट 340 डॉलर, दोन तासांचं काम. गाडी दिसायला झकास झाली. प्लाउ लावल्यावरही सपाट उभी राहिली. मी खूश. घरी येताना त्याच रेल्वे क्रॉसिंगला तसाच धडाका.

कारण साधं आहे, आणि ते मला आधी सुचायला हवं होतं. स्पेसरने गाडी उंच उभी राहते, स्प्रिंग ताठ होत नाही. तेवढ्याच वजनाला ती तेवढीच दबते आणि खड्ड्यात तेवढीच झुलते. शिवाय गाडी उंच झाली की शॉकअप जास्त ताणलेले राहतात आणि स्टीअरिंगच्या दांड्यांचे कोन बदलतात. पुढच्या बाजूला टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी) असलेल्या गाड्यांमध्ये, शेव्हरोलेच्या 2500 वगैरे, लोक बार आवळून नाक वर करतात. तिथेही हीच गोष्ट. उंची मिळते, ताकद नाही, आणि ॲक्सल शाफ्टचे सांधे लवकर जातात.

रविवारी आप्पांना व्हिडिओ कॉल केला. त्यांना गाडी दाखवली, धडाक्याचं वर्णन केलं, कुठल्या स्प्रिंगा घेऊ ते विचारलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "काटा केलास का गं?"

नाही केला.

"वजन म्हायती न्हाई आन् स्प्रिंगा बदलालीस व्हय? पुढं किती, मागं किती, ते आधी बघ. आपल्याकडं उसाच्या ट्रॉलीनं ट्रॅक्टरचं तोंड आभाळाला लागतंय, तुझ्याकडं उलटं हुतंय. म्हंजे मागं काय तरी हलकं हुतंय की."

तर 7 ऑक्टोबरला काटा. इथे थ्रूवे या महामार्गालगतच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल कंपनीचे वजनकाटे असतात. ते अठराचाकी ट्रकसाठी असले तरी पिकअप घेऊन गेलं की कोणी हसत नाही. काट्याचे तीन वेगळे तुकडे असतात. पुढची चाकं पहिल्या तुकड्यावर, मागची दुसऱ्यावर, म्हणजे दोन्ही ॲक्सलची वजनं वेगवेगळी छापून मिळतात. पहिल्या वजनाला मला 14 डॉलर पडले. 24 तासांच्या आत पुन्हा केलं तर बरंच स्वस्त पडतं, म्हणून प्लाउ काढून आणि लावून दोन्ही वजनं एकाच दिवशी करावीत. पातं उचलूनच उभं राहायचं. ते काट्यावर टेकवलं तर त्याचा भार गाडीवर येतच नाही. आणि टाकीत पेट्रोल किती आहे ते लिहून ठेवायचं.

प्लाउशिवाय, मी आत बसलेली: पुढे 3,900 पौंड, मागे 2,740. प्लाउ उचललेला: पुढे 5,060, मागे 2,380.

हे आकडे मी ट्रक स्टॉपच्या कॉफीबरोबर बराच वेळ बघत बसले. प्लाउ 800 पौंडांचा, पण पुढच्या ॲक्सलवर भार वाढला 1,160. उरलेले 360 कुठून आले? मागून. पातं पुढच्या चाकांच्या मध्यापासून पाच-साडेपाच फूट पुढे लटकतं. पुढचा ॲक्सल हा टेकू, पातं एका टोकाला आणि गाडीचं ढुंगण दुसऱ्या. सी-सॉच आहे तो. म्हणून स्टीअरिंग आणि मागची चाकं तसली वागत होती. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं. त्यावर पुढच्या ॲक्सलची मान्य क्षमता माझ्या गाडीला 5,200 पौंड लिहिलेली. म्हणजे 140 पौंडांची जागा शिल्लक. नवरा शेजारी बसला की त्यातली निम्म्याहून जास्त संपते. (त्याला हे सांगितल्यावर तो दिवसभर बोलला नाही.)

इथे एक गोष्ट ठासून सांगते, कारण दुकानदार ती सांगत नाहीत. स्प्रिंगा बदलल्याने हा 5,200 चा आकडा बदलत नाही. ॲक्सल, स्प्रिंगा, चाकं, टायर, या सगळ्या साखळीचा विचार करून कारखान्याने तो ठरवलेला असतो. आपण घरी कितीही जाड स्प्रिंग घातली तरी स्टिकर तेच राहतं, आणि अपघात झाला तर विमावाला स्टिकर वाचतो. स्प्रिंग सुधारायची ती मर्यादेच्या आतलं वजन नीट पेलण्यासाठी. वजन मर्यादेबाहेर असेल तर हलका प्लाउ घ्यावा किंवा गाडी बदलावी. प्लाउ कंपन्यांच्या साइटवर गाडीचं मॉडेल, कॅब, इंजिन आणि पुढच्या ॲक्सलची क्षमता भरली की कुठलं पातं चालेल आणि मागे किती वजन टाकावं लागेल ते दिसतं. मी हे प्लाउ घेतल्यानंतर केलं. माझं नशीब की ते यादीत होतं. त्याच विक्रेत्याकडे मोठा व्ही-आकाराचा प्लाउ होता आणि मी त्यावर भाळले होते. तो घेतला असता तर मी 5,200 च्या बाहेरच असते.

आता पर्याय. शेजारचे आजोबा तरुणपणी लॅकवॅनाच्या बेथलेहेम स्टीलमध्ये होते. ते 40 वर्षं प्लाउ चालवतायत. त्यांच्या छोट्या पिकअपला ॲक्सलवरच्या त्या रबरी ठोकळ्यांच्या जागी टिंब्रेन कंपनीचे जाड रबर आहेत. रिकाम्या गाडीला ते लागतच नाहीत, वजन आलं की हळूहळू दबत भार घेतात. तासाभरात बसतात, तेव्हा दोनशे-सव्वादोनशे डॉलर. दुसरा पर्याय म्हणजे गुंडाळी स्प्रिंगच्या आत बसणारी हवेची पिशवी. हवा कमी-जास्त करता येते, पण उणे 15 अंशांत फटाफट हवा भरत बसायची माझी तयारी नव्हती. तिसरा पर्याय कारखान्याच्याच प्लाउवाल्या स्प्रिंगा. फोर्ड नवीन गाडी विकताना 473 या कोडचं प्लाउ पॅकेज देते, त्यात गाडीच्या घडणीनुसार निवडलेल्या जड स्प्रिंगा असतात. दाराच्या स्टिकरवर स्प्रिंगचा कोडही छापलेला असतो, आणि डीलरच्या पार्ट्स काउंटरवर चॅसी नंबर दिला की तुमच्या गाडीत 473 होतं का ते कळतं. माझ्यात नव्हतं. मी तिसरा पर्याय घेतला. आजोबांचं म्हणणं, "रबर टाक, मोकळी हो." माझ्या स्प्रिंगा नऊ वर्षं मिठात भिजलेल्या होत्या. थकलेल्या स्प्रिंगवर रबर म्हणजे दुखऱ्या गुडघ्यावर पट्टा.

10 ऑक्टोबरला काउंटरवर ऑर्डर दिली. दोन स्प्रिंगांचे 318 डॉलर, वर विक्रीकर. आठवडा लागेल म्हणाले. 18 तारखेला फोन आला की एक आली आहे. एक! दुसरी मागे पडलेली, कधी येईल सांगता येत नाही. जोडीने बदलायच्या वस्तूंपैकी एकच हातात असली की तिचा काय उपयोग. मी दर तीन दिवसांनी फोन करत राहिले. ऑर्डर नंबर, काउंटरवर कोण होतं आणि कुठल्या तारखेला काय सांगितलं, हे सगळं फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहीत गेले. तिसऱ्या फोनला कळलं की दुसरी स्प्रिंग एका लांबच्या गोदामात आहे, पण 'हवी आहे' असं कुणी तिथे कळवलंच नव्हतं. शेवटी 2 नोव्हेंबरला आली.

मधल्या काळात गाडीची वार्षिक तपासणी आली. न्यू यॉर्क राज्यात दरवर्षी काचेवर नवं स्टिकर लागतं, त्याशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही. 17 ऑक्टोबरला गाडी नापास. डावा खालचा बॉल जॉइंट, म्हणजे चाक वळू देणारा गोळीचा सांधा, ढिला. मेकॅनिकने चाक जमिनीपासून वर घेतलं, खाली पहार घालून उचकटलं आणि मला तो सांधा हलताना दाखवला. मला आधी राग आला, मग बरं वाटलं. वरून जड स्प्रिंगा आणि समोर 800 पौंड लटकवून मी हाच सांधा घेऊन हिवाळ्यात निघाले असते. चारही बॉल जॉइंट बदलले, 860 डॉलर. हे काम मी घरी केलं नाही. दाबून बसवायचे सांधे, गंजलेला नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग), हे सगळं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. 21 तारखेला पुन्हा तपासणी, पास.

23 तारखेला खंडेनवमी होती. आप्पा गॅरेजात पाने, जॅक, हातोडे मांडून पूजा करायचे, वर झेंडूची माळ. माझ्याकडे झेंडू नव्हता. जॅकला आणि पान्यांच्या पेटीला हळद-कुंकू लावलं आणि फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: "जॅक तीन टनी हाय का? स्टँडबी घे."

घेतले. प्रत्येकी सहा टनांचे.

4 नोव्हेंबर, शनिवार, सकाळी आठ. आजोबा, मी आणि चहाचा थर्मास. आदल्या तीन संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. हे एक काम चुकवू नका. इथे रस्त्यावर इतकं मीठ टाकतात की नऊ वर्षांच्या गाडीचा खालचा बोल्ट म्हणजे चॅसीचाच भाग झालेला असतो.

क्रम असा. चाकांचे नट जमिनीवरच थोडे सैल करायचे. मागच्या चाकांना ठोकळे लावायचे, पुढून चॅसी उचलून स्टँडवर ठेवायची, चाकं काढायची. जॅक ॲक्सलखाली. मग शॉकअपचे खालचे बोल्ट, अँटीरोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीच्या) कड्या आणि ब्रेकच्या नळीचे पकडणारे बोल्ट सोडायचे. ही नळी विसरलात तर ॲक्सल खाली घेताना ती ताणून तुटते. ट्रॅक बार, म्हणजे ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारी आडवी दांडी, तिचाही बोल्ट. मग जॅक हळूहळू खाली. ॲक्सल पुरेसा खाली गेला की स्प्रिंग अक्षरशः हाताने निघते. स्प्रिंग दाबून धरायचं ते भीतीदायक हत्यार इथे लागत नाही. या बांधणीचा हा मोठा फायदा.

कागदावर दोन तास. आम्हाला साडेसहा लागले. त्यातले दोन तास उजव्या शॉकअपच्या एका बोल्टने खाल्ले. तेल, पाइप लावून लांब केलेला पाना, बर्नरची आच, काहीही चालेना. शेवटी कापला. नवे शॉकअप (230 डॉलर) आधीच आणले होते, पण नवा बोल्ट नव्हता, म्हणून आजोबा त्यांच्या गाडीने हार्डवेअरच्या दुकानात गेले. तेवढ्यात मी स्पेसर काढून बाजूला टाकले. आजही ते गॅरेजात दाराला टेकण म्हणून आहेत.

नवी स्प्रिंग बसवताना वरचं रबर जागेवर आहे का आणि खालचं टोक बशीतल्या खाचेत बरोबर बसलंय का ते टॉर्च लावून पाहा. माझी डावी बोटभर फिरलेली होती, पुन्हा खाली घ्यावी लागली. आणि रबरी बुश असलेले बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून, तिचं वजन तिच्यावर आल्यावर. हवेत लटकवून आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं. हे आप्पांनी लहानपणी कमानपाट्यांबाबत सांगितलेलं मला आठवलं. बालपणातल्या ज्ञानाचा एवढाच काय तो उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी प्लाउ न लावता चाचणी. 45 मैलांच्या वेगाला रस्त्यातल्या एका जोडावरून गेले आणि स्टीअरिंग माझ्या हातात थरथरायला लागलं. थरथरायला म्हणजे, पूर्ण पुढचा भाग डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागला. इथले लोक त्याला डेथ वॉबल म्हणतात, आणि नाव अतिशयोक्त नाही. ब्रेकवर जोरात पाय न देता हळू वेग कमी केला, कडेला थांबले. हात थांबायला पाच मिनिटं लागली. नवऱ्याला फोन केला आणि म्हटलं, ही गाडी विकून टाक.

कारण माझंच. ट्रॅक बारचा बोल्ट मी माझ्या टॉर्क पान्याच्या (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याच्या) शेवटच्या आकड्यापर्यंत आवळला होता, पण त्या बोल्टला त्याच्या दुपटीहून जास्त जोर लागतो. माझा पाना तिथवर पोचतच नव्हता. ऑटो पार्ट्सच्या दुकानात मोठी हत्यारं अनामत ठेवून उसनी मिळतात आणि परत केल्यावर सगळे पैसे परत येतात. मोठा टॉर्क पाना आणला, कंपनीच्या सर्व्हिस माहितीत दिलेल्या आकड्यापर्यंत आवळला. पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच जोडावरून, तीन वेळा. थरथर गेली. पण 100 मैलांनंतर सगळे बोल्ट परत तपासले. ते तुम्हीही करा.

9 नोव्हेंबरला व्हील अलाइनमेंट, 129 डॉलर. नव्या स्प्रिंगांनी रिकामी गाडी जवळजवळ एक इंच उंच उभी राहिली. उंची बदलली की ट्रॅक बार ॲक्सलला किंचित एका बाजूला ढकलतो, म्हणून स्टीअरिंग सरळ धरूनही गाडी तिरकी जाते. अलाइनमेंट प्लाउ काढून करायचं की लावून, हा वाद इथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. मी वर्षाचे आठ महिने प्लाउशिवाय चालवते, म्हणून काढून केलं.

11 नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, पुन्हा काट्यावर. आता मागे 60 पौंडांच्या आठ वाळूच्या पिशव्या, मागच्या ॲक्सलच्याही मागे, फळीकडे सरकवून. इथे हिवाळ्यात नळीच्या आकाराच्या अशा पिशव्या सगळीकडे मिळतात. आठांचे 56 डॉलर. प्लाउ उचललेला: पुढे 4,980, मागे 2,940. वाळू मागच्या ॲक्सलच्या मागे असल्यामुळे सी-सॉ उलटा झुकला आणि पुढचा भार 80 पौंडांनी कमी झाला. वाळू ड्रायव्हरच्या पाठीशी टाकली असती तर पुढचा भार घटण्याऐवजी वाढला असता. टेप लावला: नाक आता दोनाऐवजी सव्वा इंच खाली. रेल्वे क्रॉसिंगला धडाका नाही. आणि ज्या 56 डॉलरच्या वाळूने मागची चाकं जमिनीला टेकली, ती मी सगळ्यात शेवटी घेतली.

कागदोपत्री एक काम उरलं होतं. माझा विचार होता की आमचा ड्राइव्हवे, आजोबांचा, आणि जमलं तर आमच्या छोट्या देवळाचं पार्किंग. देवळाच्या समितीने पेट्रोलचे पैसे देऊ केले. मी विमा एजंटला विचारलं. तो म्हणाला, वैयक्तिक पॉलिसीत स्वतःचं आणि फुकटचं काम चालेल, पण कुठल्याही रूपात पैसे घेतले की धंदा धरला जाऊ शकतो आणि त्याला वेगळी पॉलिसी लागते. फोनवरचं बोलणं उपयोगाचं नाही म्हणून लेखी मागितलं. उत्तराला नऊ दिवस लागले. धंद्याच्या पॉलिसीचा हप्ता ऐकून मी देवळाला सांगितलं की पैसे नकोत, रविवारचा प्रसाद चालेल. (हेही एजंटला विचारलं. तो हसला, पण लेखी दिलं नाही.) तुमच्या राज्यात, तुमच्या टाऊनमध्ये नियम वेगळे असतील. कित्येक टाऊनमध्ये पैसे घेऊन बर्फ काढायला टाऊन क्लार्ककडून परवाना लागतो. आणि रस्त्यापलीकडे किंवा रस्त्यावर बर्फ ढकलणं न्यू यॉर्कमध्ये बेकायदा आहे, ड्राइव्हवे स्वतःचा असला तरी.

स्पेसरचे फुकट गेलेले धरून सस्पेन्शनवर माझे 1,950 च्या आसपास गेले. त्यातला मोठा वाटा बॉल जॉइंटचा, आणि तो प्लाउ नसता तरी झालाच असता.

मग बर्फच पडेना. डिसेंबर जवळजवळ कोरडा गेला. गाडी दारात नाक वर करून उभी आणि शेजारी विचारतायत, काय, नांगरणी कधी? रिकाम्या गाडीला जड स्प्रिंगांचा त्रास मात्र रोज होता. प्रत्येक खड्डा पाठीला कळतो. कपात अर्ध्याच्या वर कॉफी घ्यायची नाही हे मी शिकले.

13 जानेवारी 2024 ला वारा फिरला. रविवारी ऑर्चर्ड पार्कला बिल्सचा, म्हणजे आमच्या बफेलोच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, स्टीलर्सशी प्लेऑफचा सामना होता, तो सोमवारवर ढकलला. स्टेडियममधलं बर्फ उपसायला तासाला 20 डॉलर देऊन लोक बोलावत होते. मी पहाटे चारला उठले. पहिली खेप: पातं जमिनीला, वेग दहा मैलांच्या आत, खडी उचलली जाऊ नये म्हणून पात्याचे बूट (पातं जमिनीपासून थोडं वर धरणारे पाय) थोडे खाली सोडलेले. बर्फ ओलं आणि जड होतं. पातं उचलून मागे येताना ड्राइव्हवेच्या तोंडाशी त्या चढावर मी श्वास रोखून धरला. खरवडलं नाही. 50 मिनिटांत 400 फूट मोकळे. मग आजोबांचा ड्राइव्हवे. ते खिडकीत कप घेऊन उभे होते, थंडीच्या कोटात, कारण त्यांनाही स्वतःची गाडी काढायची होती आणि मी आधी पोचले होते. सहाच्या पाळीला वेळेवर पोचले. पाते लावूनच गेले, 45 मैलांच्या वर न जाता, पातं थोडं तिरकं आणि खाली ठेवून. सरळ उंच धरलं की रेडिएटरला वारा मिळत नाही आणि इंजिनच्या तापमानाचा काटा लालकडे सरकतो.

रात्री आप्पांना व्हिडिओ पाठवला. मागून काढलेला, पूर्ण ड्राइव्हवेचा. ते गाडीचं नाक बघतील असं मला वाटलं होतं. त्यांचा फोन आला.

"पिशव्या बांधल्या न्हाईस?"

कुठल्या?

"वाळूच्या. मागं नुसत्या टाकल्यास. ब्रेक मारलास की डोक्यात यायच्या त्या."

दुसऱ्या दिवशी दोन बाय चारच्या लाकडाची चौकट केली. पिशव्या त्यात, चौकट हौद्याच्या भिंतींना टेकवून घट्ट, वरून दोन पट्टे आवळले. लाकूड आणि पट्टे मिळून 38 डॉलर.